वरातीतून सोडवून आणलेली घोडी माणसाला जवळ येऊ देत नाही – अनुभवी लोकांनी कृपया लिहा

तापीकाठचा | १४ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. शहादा तालुक्यात तापीच्या काठी आमची शेती आहे. कापूस, पपई, थोडा ऊस. बैल आणि म्हशी घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, घोडं मात्र कधीच नव्हतं. त्यामुळे आधीच सांगतो, मला यातलं काहीच कळत नाही आणि म्हणूनच लिहितोय.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या आठवड्यात एका लग्नाला गेलो होतो. वरातीत फटाक्यांची लड घोडीच्या पायाशी फुटली. ती उधळली, नवरदेव खाली आला, घोडी मांडवाच्या दोरात अडकली आणि तशी अडकलेली असतानाच चौघांनी तिला झोडपलं. मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मालकाला गाठलं. तो म्हणाला, ही आता वरातीच्या कामाची राहिली नाही, शिवाय हिच्या अंगावरचा केसांचा भोवरा वाईट जागी आहे, दुसरं कोणी घेणार नाही. पैसे मोजले, कागद करून घेतला, टेम्पोत घालून घरी आणली.

कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी आहे, कपाळावर पांढरा चांद. दातांवरून ९-१० वर्षांची असावी असं मालक म्हणाला. डावा कान टोकाशी फाटलेला आहे, ती जखम जुनी. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत पांढरे वण आहेत. सामानासोबत त्याने लगामही दिला. त्याची तोंडात जाणारी कडी हातात घेतली तर बोटाला काटे टोचले. ती कडी मी अजून फेकलेली नाही, कोणी खोटं म्हणू नये म्हणून ठेवली आहे. बरगड्या लांबून मोजता येतात.

खळ्यात निंबाखाली बांबूचं मोठं कुंपण करून तिला मोकळी सोडली आहे. पण ती कायम लांबच्या कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून उभी असते. आम्ही निघून गेल्याशिवाय चाऱ्याला तोंड लावत नाही. ‘राणी’ म्हणून हाक मारली की अंग थरथरतं. मी हात उचलला, अगदी डोक्यावरचा रुमाल सारखा करायला उचलला, तरी ती कुंपणावर जाऊन आदळते. तिच्यावर बसायचं माझ्या मनातही नाही. पण जखमांना औषध लावायचं आहे, खूर वाढलेत ते कापायचे आहेत. हात लावू देईल असं काय करू?

गुरांचा_डॉक्टर | १४ मे, रात्री १०.२५

भाऊ, चांगलं काम केलंत. पण विश्वासाच्या आधी दुखणं बघा. ज्या जनावराला चोवीस तास काहीतरी दुखतंय त्याला तुमचा चांगुलपणा कळायला जागाच उरत नाही.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोला, नाहीतर १९६२ वर फोन करून फिरतं पथक मागवा. पहिली तपासणी गुंगीचं इंजेक्शन देऊन करा म्हणावं. चार माणसं लावून, पाय बांधून करायची नाही, नाहीतर वरातीची तीच रात्र तिच्या वाट्याला पुन्हा येईल. त्या एका गुंगीत जेवढं उरकता येईल तेवढं उरका: धनुर्वाताची लस (घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, उघडी जखम असताना एक दिवसही थांबू नका), जखमा धुणं, दात, खूर, रक्ताचा नमुना. दाढा नक्की बघायला सांगा. वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली धार वाढते, गाल आणि जीभ कापली जाते. ग्लँडर्ससाठी रक्त तपासायला विसरू नका. तो रोग माणसालाही होतो. निकाल येईपर्यंत जखमेला हात लावताना हातमोजे घाला आणि तिची बादली वेगळी ठेवा.

आता खाणं. हाडं दिसतात म्हणून प्रेमाने एकदम धान्याची चंदी सुरू करू नका. बराच काळ उपाशी राहिलेल्या घोड्याला अचानक धान्य दिलं तर रक्तातले क्षार बिघडतात आणि जनावर दगावतं. सुरुवातीला लसूणघास थोडी थोडी, दिवसातून ५-६ वेळा. ८-१० दिवसांनी हळूहळू वाढवा. कडबा द्यायचा तर कुट्टी करून, आणि पाणी भरपूर. या उन्हात ४० लिटरही पिईल. कोंबड्यांचं खाद्य घरात असेल तर ते चुकूनही तिच्यासमोर येऊ देऊ नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं आणि ते घोड्याचं हृदय बंद पाडतं.

पागेतला | १५ मे, सकाळी ७.१०

डॉक्टरांचं औषधपाण्याचं बरोबर आहे. बाकीच्यात महिनोन्‌महिने घालवू नका. आम्ही तीन पिढ्या घोडे सांभाळतो. अगाडी-पिछाडी (पुढचे आणि मागचे दोर) लावून बांधा. दोन दिवस चारा बंद करा, तिसऱ्या दिवशी फक्त तुमच्या हातून द्या. पोटासारखा गुरू नाही. आठवड्यात हात लावू देईल. घोड्याला एकदा कळलं की माणूस घाबरतो, तर तो आयुष्यभर माणसाला खेळवतो.

गुरांचा_डॉक्टर | १५ मे, सकाळी ८.०५

पागेतलेभाऊ, तुमचा अनुभव मोठा आहे, तरी या घोडीला उपाशी ठेवायला माझा ठाम विरोध आहे. गाईम्हशीसारखं रवंथ करायचं पोट घोड्याला नसतं. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो. जठर रिकामं राहिलं की व्रण होतात. आधीच खंगलेलं जनावर दोन दिवस उपाशी ठेवलं तर पोटशूळ होऊ शकतो, आणि घोड्याला उलटीही करता येत नाही. हात लावू दिला तरी तो पोटातल्या कळांमुळे दिलेला असेल.

मोतद्दाराचा_नातू | १५ मे, दुपारी २.३०

हा धागा सकाळपासून मनात घोळतोय. माझे आजोबा धुळ्याकडे एका मोठ्या घरी मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांची निगा राखायचे. पागेतलेभाऊंनी लिहिलेली रीत तेही वापरायचे, तेव्हा सगळेच वापरायचे. म्हणून कोणाला दोष न देता एक गोष्ट सांगतो. त्यांनी ती म्हातारपणी एकदाच सांगितली होती.

एक तरणा घोडा त्यांनी असाच बांधून, उपाशी ठेवून, पोती फडकावून ‘बसवला’. पाचव्या दिवशी तो एकदम शांत झाला. खोगीर टाका, पाय उचला, तोंडात हात घाला, हूं की चूं नाही. मालक खूश. आजोबांना बक्षीस म्हणून फेटा मिळाला. आजोबा म्हणायचे, त्याचे डोळे उघडे असायचे पण आत कोणी नसायचं. माशी डोळ्यावर बसली तरी पापणी हलायची नाही. हनुवटी सुपारीसारखी टणक. ते त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं, पण सगळे शाबासकी देत होते म्हणून बोलले नाहीत.

आठ महिन्यांनी भर रस्त्यात एका बैलगाडीवरची ताडपत्री वाऱ्याने फडफडली. तो घोडा सुटला. ना लगाम कळला, ना खंदक दिसला. पुढचा पाय मोडला. पुढचं लिहीत नाही.

आजोबांचं म्हणणं होतं की तो त्या दिवशी बिघडला नव्हता. तो पाचव्या दिवसापासूनच तसा होता, फक्त आतल्या आत. तापीकाठचे भाऊ, तुमची घोडी पळते, थरथरते, पाठ करते. म्हणजे ती अजून बोलते आहे. तिचं हे बोलणं बंद पाडू नका.

गुरांचा_डॉक्टर | १५ मे, दुपारी ३.००

नातूभाऊ, हे फार नेमकं लिहिलंत. काहीही केलं तरी सुटका नाही हे जनावराने एकदा गृहीत धरलं की ते प्रयत्न सोडून देतं. बाहेरून ते गरीब दिसतं. आमच्याकडे दवाखान्यात अशी जनावरं येतात तेव्हा मालक कौतुकाने सांगतो, ‘एकदम गरीब आहे’. नाडी बघावी तर दुप्पट चाललेली असते.

केळीबागवाली | १५ मे, रात्री ८.५०

मी रावेरची. माझ्याकडे वीटभट्टीवरून आणलेली दोन गाढवं आहेत. घोड्याचा अनुभव नाही, पण एक विचारते. ती एकटीच आहे का? घोडा कळपातलं जनावर. एकट्याला पहारा कायम स्वतःलाच द्यावा लागतो, मग तो झोपणार कधी? माझं पहिलं गाढव दुसरं येईपर्यंत कधी खाली बसलंच नव्हतं. दुसरी घोडी शक्य नसेल तर एखादी शांत शेळी तरी सोबत ठेवून बघा.

तापीकाठचा | २ जून, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय. डॉक्टर येऊन गेले, गुंगी देऊन सगळं एका तासात झालं. दाढा खरंच करवतीसारख्या झाल्या होत्या, गालाच्या आत दोन जखमा निघाल्या. खूर कापले, लस टोचली. ग्लँडर्सचा अहवाल निरंक आला, मोठं ओझं उतरलं. लसूणघास सुरू आहे. शेजारच्या काकूंची एक म्हातारी शेळी आणून सोडली आहे. पहिले दोन दिवस घोडीने तिच्याकडे पाहिलंही नाही, तिसऱ्या दिवसापासून दोघी एकाच सावलीत.

पण एक चूक झाली आणि ती माझीच. दात झाल्यावर ती बरं खायला लागली, कान सैल दिसायला लागले. मला वाटलं झालं. चारा खात असताना बाजूने गेलो आणि मानेवर हात ठेवला. क्षणभर ती दगडासारखी उभी राहिली. मला आनंद झाला, आणि तेवढ्यात ती कुंपण तोडून ऊसात शिरली. संध्याकाळपर्यंत शोधत होतो. आता परत पहिल्यासारखं, उलट जास्तच. आधी १४ पावलांवर सहन करायची, आता २० वर पाठ फिरवते.

नातूभाऊ, ती दगडासारखी उभी राहिली तेव्हा मला तुमची गोष्ट आठवायला हवी होती.

घोडेस्वार_पुणे | ३ जून, सकाळी ६.३०

मन लावून वाचतोय. १५ वर्षं घोड्यांसोबत आहे, थोडं लिहितो.

तुम्ही पावलं मोजता आहात हे फार चांगलं. त्याचाच उपयोग करा. ज्या अंतरावर तिचा कान तुमच्याकडे वळतो पण पाय हलत नाहीत, तिथे थांबा. आणि महत्त्वाचं म्हणजे तिने पाय उचलायच्या आधी तुम्ही मागे फिरा. तिने नुसतं पाहिलं आणि तुम्ही लांब गेलात, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडेल. आजवर तिला अंतर मिळवायला पळावं लागलं आहे.

समोरून सरळ जाऊ नका. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या मागे त्याला दिसत नाही. खांद्याच्या दिशेने, जरा वळण घेत जा. नजर रोखू नका. चेहराही सैल ठेवा. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी घोड्यांना माणसांचे नुसते फोटो दाखवले होते, काही रागावलेले, काही हसरे. काही तासांनी तीच माणसं साध्या चेहऱ्याने समोर आली, तर फोटोत रागावलेल्या दिसलेल्या माणसाशी घोडे जास्त सावधपणे वागले. म्हणजे दिवसभराचा वैताग घेऊन कुंपणात जाऊ नका, त्या दिवशी नाही गेलात तरी चालेल.

आणि हातावर खाऊ इतक्यात देऊ नका. घाबरलेला घोडा खाऊसाठी पुढे येतो आणि मग स्वतःच दचकतो की मी इतका जवळ कसा आलो. बादलीत ठेवा, बाजूला व्हा.

मोतद्दाराचा_नातू | ३ जून, दुपारी १.००

नाव बदला. ‘राणी’ या शब्दानंतर तिच्यासोबत काय काय झालं असेल ते तिलाच माहीत.

तापीकाठचा | २९ जून, रात्री १०.०५

आज आईबद्दल लिहायचं आहे.

मी रोज सकाळी आणि संध्याकाळी चुन्याची रेघ मारून जातो. रेघेपर्यंत जायचं, थांबायचं, तिने पाय हलवायच्या आत फिरायचं. २० वरून १६ वर आलो होतो आणि तिथेच अडकलो होतो. आई बांधावरून हे सगळं बघायची. ती घरात अहिराणीच बोलते. एक दिवस म्हणाली, “तिले काही मांगू नको रे. तू मांगस म्हनीसन ती पयस.” (तू मागतोस म्हणून ती पळते.) मी म्हटलं, मी काहीच मागत नाही, उलट मागे फिरतो. तर म्हणाली, तू फिरतोस, पण तुझं सगळं ध्यान तिच्याकडेच असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती भुईमुगाच्या शेंगांचं सूप घेऊन कुंपणाच्या आत निंबाखाली जाऊन बसली. घोडीकडे पाठ करून. शेंगा फोडायच्या, दाणे एका टोपल्यात, टरफलं दुसरीकडे. मधूनच शेळीशी बोलायचं. घोडीकडे एकदाही बघायचं नाही. अंधार पडला की उठून यायचं. असे ११ दिवस. मी बाहेर खाटेवर बसून घोडीचे श्वास मोजायचो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कुशीकडे बघून लांबूनही मोजता येतात, निवांत घोड्याचे मिनिटाला ८ ते १६ असतात. मी जवळ गेलो की ३० च्या वर जायचे. आई बसलेली असताना चौथ्या दिवशी २२, आठव्या दिवशी १४.

बाराव्या दिवशी घोडी चालत आली. आधी शेळी आली टरफलांसाठी, तिच्यामागून ही. आईच्या पाठीमागे दोन हातांवर थांबली. मान लांब केली आणि आईच्या पदराचा वास घेतला. मला तिच्या नाकपुड्या हलताना दिसत होत्या. आईने मान वळवली नाही, शेंग फोडायचीही थांबली नाही. मी बाहेरून ‘आई’ म्हणायला तोंड उघडलं, तर तिने नुसता हात हलवला, उगामुगा बैस म्हणून. घोडीने एक लांब श्वास सोडला, फुर्रर्र असा, आणि तिथेच उभी राहिली. मग मागचा एक पाय सैल सोडून खूर टेकवला.

त्या रात्री आईनेच नाव ठेवलं. कानबाईवरून (आमची खानदेशातली देवी) आणि त्या फाटक्या कानावरून, कानू.

केळीबागवाली | २९ जून, रात्री १०.४०

डोळे भरून आले. आईंना माझा नमस्कार सांगा.

पागेतला | ३० जून, सकाळी ७.२५

वाचलं. माझी आजीही पागेत जात्यावर दळायला बसायची आणि तट्टं तिच्याभोवती गोळा व्हायची. आम्हाला वाटायचं पिठासाठी. भाऊ, पुढे लिहीत राहा.

गुरांचा_डॉक्टर | ३० जून, सकाळी ९.००

मागचा पाय सैल सोडणं ही मोठी खूण आहे. पळायची तयारी असलेला घोडा चारही पायांवर वजन ठेवतो. पावसाळा सुरू झालाय, जमीन ओली आहे, खुरांच्या तळाला कुजकट वास येतो का ते बघायला लागेल. पण पाय उचलायची घाई नको, लांबून चालणं बघा.

आता स्पर्शाबद्दल. पहिला स्पर्श तोंडाला किंवा कपाळाला नको, तिथे मार बसलाय. आयाळ जिथे संपते तिथे, मानेच्या मुळाशी, घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. तिथे खाजवलं की हृदयाचे ठोके कमी होतात, हे मोजून पाहिलेलं आहे. थोपटायचं नाही, खाजवायचं. ३ सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. मग बघा. ती तिथेच थांबली किंवा अंग तुमच्याकडे झुकवलं तर पुन्हा. लांब सरकली तर त्या दिवशी तेवढंच.

तापीकाठचा | ५ ऑगस्ट, रात्री ९.३०

परवा कानबाईचा सण झाला. रोटांचा स्वयंपाक, पाहुणे, घरात गडबड, म्हणून कानूला दोन दिवस आधीच लांबच्या मळ्यात नेऊन ठेवावी असं ठरत होतं. पण नेणार कशी? दोर तर लावू देत नाही. त्यावरून जे झालं ते लिहितो.

बैलांची जुनी सुती मोहरकी (तोंडाभोवती घालायची दोरी) होती, वापरून वापरून मऊ झालेली. नायलॉनची वापरायची नाही हे मनाशी पक्कं होतं. ती मोहरकी मी जुलैच्या सुरुवातीपासून गव्हाणीच्या कडेवर टाकून ठेवली होती. पहिले चार दिवस कानूने त्या गव्हाणीत तोंड घातलं नाही, दुसरी गव्हाण ठेवली होती ती वापरली. मग वास घेतला. मग एकदा दातांनी उचलून खाली टाकली. मी ती तिथेच पडू दिली. तिला ती टाकता येते हे तिला कळलं ते बरं झालं असं वाटलं.

खाजवणं आई आणि मी दोघंही करतो. डॉक्टरांनी सांगितलं तसंच, तीनपर्यंत मोजून हात काढायचा. एक दिवस हात काढला तर तिने मान वळवून माझ्या खांद्याला वरच्या ओठाने ढोसलं. पुन्हा खाजवलं तेव्हा तिचा वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला, डोळे अर्धे मिटले. तिथली कातडी जाड आहे, केसांखाली जुन्या खपल्या लागतात बोटांना. त्या खपल्या मी मोजल्या नाहीत.

मग मोहरकी हातात घेऊन नुसता उभा राहायचो, तोंडाच्या उंचीवर वेढा उघडा धरून. घालायची नाही. तिने नाक जवळ आणलं की मोहरकी खाली आणि मानेला खाजवणं. नवव्या दिवशी तिने नाक वेढ्यातून आत घातलं. मी कानामागची गाठ बांधली नाही. दोन दिवसांनी बांधली, पण डाव्या कानाला धक्का लागू नये म्हणून आधीच मोठी केलेली. ३१ जुलैला ती माझ्या मागून मळ्यापर्यंत चालत आली, दोर सैल, मधे शेळी. ओढ्याच्या पुलावर थांबली. मीही थांबलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, ऊन कलेपर्यंत. मग तिचीच तिने पाऊल टाकलं.

घोडेस्वार_पुणे | ५ ऑगस्ट, रात्री ११.१०

गाठ न बांधता दोन दिवस थांबलात, हे भल्याभल्यांना जमत नाही. आता दिवाळीची तयारी आत्तापासून करा. फोनवर फटाक्यांचा आवाज लावा, इतका बारीक की तिचा फक्त कान हलेल. आवाज आला की लगेच आवडतं खाणं, आवाज बंद की खाणं बंद. रोज २-३ मिनिटं. खाणं थांबवून तिने मान वर केली तर आवाज जास्त झाला समजा.

केळीबागवाली | ६ ऑगस्ट, सकाळी ६.५०

आवडतं खाणं म्हणून केळं देऊन बघा, अर्धं, सालीसकट. आमची गाढवं त्याच्यासाठी पुलावरूनही येतात.

तापीकाठचा | २५ ऑक्टोबर, रात्री ८.४५

पोळ्याला बैलांसोबत तिलाही आंघोळ घातली, रंग मात्र लावला नाही. खरारा (ब्रशने अंग घासणं) आता ती स्वतःहून मागते.

दिवाळीचं खरं सांगतो. केळं आणि फोनचा उपाय दोन महिने नेमाने केला. आवाज निम्म्यापर्यंत वाढवता आला. तरी खरे फटाके खरेच असतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मळ्यात होतो, गाव दीड किलोमीटर लांब, तरी पहिल्या बाँबला ती घामाने भिजली. गोल गोल धावली. मी कुंपणात गेलो नाही, बाहेर बसून शेळीला चारा टाकत राहिलो. अर्ध्या तासाने ती थांबली. थांबली ती लांबच्या कोपऱ्यात नाही, माझ्या बाजूच्या कुंपणाशी. कुशीवर फेस होता. मी हात पुढे केला नाही. तिने तोंड बांबूंच्या फटीतून बाहेर काढून माझ्या रुमालावर टेकवलं आणि तसंच ठेवलं. रात्री २ वाजेपर्यंत आम्ही तसेच होतो. पाय मुंग्यांनी फोडून काढले पण हललो नाही.

आणि गेल्या आठवड्यातली गोष्ट. भर दुपारी आई शेंगा निवडत होती. कानू तिच्यापासून पाचेक पावलांवर गुडघे मोडून खाली बसली, मग कुशीवर आडवी झाली. मी घाबरलो, पोटशूळ वाटला. डॉक्टरांना फोन लावणार तर आईने खूण केली. घोडी घोरत होती. पापण्यांच्या आत डोळे हलत होते, एक पाय झोपेत झटकत होता. पाच महिन्यांत आम्ही तिला आडवी पहिल्यांदाच पाहिली.

गुरांचा_डॉक्टर | २५ ऑक्टोबर, रात्री ९.३०

घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. आणि आडवा घोडा पटकन उठून पळू शकत नाही. तुमच्या आईच्या समोर ती झोपली यावर मी आणखी काय लिहू.

मोतद्दाराचा_नातू | २६ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

आजोबा असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

पागेतला | २६ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

काटेरी कडीबद्दल एक सांगायचं होतं. काटे किंवा गाठी असलेला लगाम वापरायला जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे. आमच्या पागेतही जुन्या सामानात तसल्या दोन निघाल्या. मी त्या लोहाराकडून ठोकून सपाट करून घेतल्या, आता खुंट्या म्हणून वापरतो. घोडे वरातीला देणं मी बंद केलेलं नाही, त्यावर पोट आहे. पण आता आधी अट घालतो, घोड्याच्या आसपास फटाका फुटला तर घोडा त्याच पावली परत. या हंगामात दोन लग्नं त्यावरून गेली, जाऊ देत.

तापीकाठचा | २६ ऑक्टोबर, दुपारी १.००

पागेतलेभाऊ, तुमचा हा प्रतिसाद मी आईला दोनदा वाचून दाखवला. तिने तुम्हाला भरीत खायला बोलावलं आहे, हिवाळ्यात याच.

नवा_सभासद_जळगाव | ६ डिसेंबर, संध्याकाळी ५.२०

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. सारंगखेड्याची यात्रा सुरू झाली आहे, तुम्ही जवळच राहता. कानूला नेलं का? आणि स्वारी कधी करणार?

तापीकाठचा | ६ डिसेंबर, रात्री ९.००

नाही नेलं. दत्तजयंतीला मी आणि आई दर्शनाला जाऊन आलो. घोडेबाजारात तासभर फिरलो. एकाहून एक मारवाडी आणि काठेवाडी घोडे होते, काही मालकांच्या खांद्यावर मान टाकून उभे, काही दगडासारखे. मला आता दोन्हींतला फरक दिसतो. एक चांगला खरारा आणि सुती दोर घेतला. एका व्यापाऱ्याने कानूचा फोटो पाहून भाव विचारला, मग भोवऱ्याचं कळल्यावर निम्मा केला. मी फोन खिशात ठेवला.

स्वारीचं माहीत नाही. पाठीवर काही ठेवायला ती अजून तयार नाही, आणि ते तिने स्पष्ट सांगितलं आहे. महिन्यापूर्वी कुंपणावर एक रिकामं गोणपाट वाळत टाकून ठेवलंय. परवापर्यंत ती त्या बाजूला फिरकत नव्हती. आज सकाळी दव पडलं होतं, गोणपाट ओलं होतं, आणि तिने त्याचं एक टोक चाटलं. आई म्हणाली, “कानू उनी तठे.” (कानू आली तिथे.) एवढंच झालं आहे. खूर मात्र नालबंदाने गेल्या आठवड्यात गुंगीशिवाय कापले, चारही.